क्षयजंतूंचा औषधप्रतिरोध आणि त्यामागची जनुके

क्षयरोगाचा जंतू, मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस, औषधांना दाद देईनासा होतो तो त्याच्या जनुकसंचात झालेल्या बदलांमुळे. हे बदल बहुधा अगदी छोटे असतात. डीएनएच्या साखळीतले एक अक्षर बदलते, त्यामुळे एखाद्या प्रथिनातले एक अमिनो आम्ल बदलते, आणि काल उपयोगी असलेले औषध आज निकामी ठरते. इतर अनेक रोगजंतूंकडे याहून सोपा मार्ग असतो. आतड्यातले किंवा जखमेतले जंतू एकमेकांना प्रतिरोधाची तयार जनुके देतात. प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्या एका जंतूतून दुसऱ्यात जातात आणि त्यांच्याबरोबर एकाच वेळी चार-पाच औषधांविरुद्धची तरतूदही जाते. क्षयजंतूत अशी देवाणघेवाण आढळत नाही. त्याचा सारा प्रतिरोध त्याच्या स्वतःच्या गुणसूत्रात, स्वतःच्याच चुकांतून तयार होतो आणि आईकडून लेकीकडे वारसाने जातो. या एका गोष्टीमुळे क्षयातील औषधप्रतिरोधाचा अभ्यास इतर जंतूंपेक्षा वेगळा ठरतो. कोणत्या औषधासाठी कोणते जनुक बदलले हे नेमके दाखवता येते, आणि कधी बदलले याचाही बराचसा माग काढता येतो.

क्षयजंतूचा पूर्ण जनुकसंच १९९८ साली वाचला गेला. त्यासाठी एच३७आरव्ही हा प्रयोगशाळेतला वाण घेतला होता. त्याचा मूळ जंतू १९०५ मध्ये अमेरिकेतील एका रुग्णापासून मिळालेला होता. या जनुकसंचात सुमारे ४४ लाख अक्षरे आणि चार हजारांच्या आसपास जनुके आहेत. जंतू वाढतो अतिशय सावकाश. आतड्यातला ई. कोलाय हा जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर क्षयजंतूला त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. प्रत्येक विभाजनाच्या वेळी सगळी ४४ लाख अक्षरे नव्याने उतरवावी लागतात. पोथीची नक्कल करताना लेखनिकाकडून एखादा कानामात्रा इकडचा तिकडे व्हावा, तशी या कामातही अधूनमधून चूक होते. क्षयजंतू हा काळजीपूर्वक नक्कल करणारा जंतू आहे. एका वंशशाखेत दोन वर्षांत साधारण एक अक्षर बदलते, असे रुग्णांकडून मिळालेल्या जंतूंच्या तुलनेतून दिसले आहे. हा वेग फारच कमी आहे. तरीही प्रतिरोध निर्माण होतो, कारण जंतूंची संख्या अफाट असते.

फुप्फुसात क्षयाने पोकळी पडली की तिच्यात एक कोटीपासून शंभर कोटींपर्यंत जंतू असू शकतात. एवढ्या गर्दीत जवळजवळ प्रत्येक संभाव्य चूक कुणा ना कुणा जंतूत झालेली असते, आणि तीही औषधाची पहिली गोळी रुग्णाच्या पोटात जाण्यापूर्वी. औषधामुळे उत्परिवर्तन होते, हा समज म्हणूनच बरोबर नाही. उत्परिवर्तन आपोआप आणि आंधळेपणाने होत असते. औषध फक्त निवड करते: ज्यांच्यावर त्याचा परिणाम होतो ते मरतात, ज्यांच्यावर होत नाही ते उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. जंतूंतील बदल औषधाच्या संपर्काआधीच घडलेले असतात, हे साल्व्हाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ साली जंतुभक्षक विषाणूंवरील प्रयोगातून दाखवले होते. क्षयाच्या बाबतीत ढोबळ अंदाज असा की औषधाशी संपर्क न आलेल्या जंतुसमूहात दर दहा लाखांमागे एक जंतू आयसोनायझिड या औषधाला, तर दर दहा कोटींमागे एक जंतू रिफॅम्पिसिन या औषधाला आधीपासूनच प्रतिरोधी असतो.

या हिशेबाचा पहिला कडू अनुभव स्ट्रेप्टोमायसिनने दिला. हे औषध १९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स येथे सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शात्झ यांनी वेगळे केले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्याची चाचणी घेतली आणि निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध केले. नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ रुग्णांपैकी १४ जण सहा महिन्यांत दगावले, तर स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या ५५ पैकी फक्त ४. निकाल डोळे दिपवणारा होता, पण टिकला नाही. औषध घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बेडक्यात काही महिन्यांतच प्रतिरोधी जंतू दिसू लागले, अनेकांचा आजार उलटला, आणि पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतील फरक बराचसा पुसला गेला होता. १९५० साली पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल, म्हणजे पास, हे दुसरे औषध जोडून चाचणी झाली, तेव्हा प्रतिरोधाचे प्रमाण झपाट्याने खाली आले. कारण गणिती आहे. उदाहरणार्थ, आयसोनायझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन्हींना एकाच वेळी प्रतिरोधी असा जंतू आपोआप तयार होण्याची शक्यता म्हणजे दहा लाख गुणिले दहा कोटी, अर्थात शंभर लाख कोटींत एक. कोणत्याही फुप्फुसात एवढे जंतू मावत नाहीत. क्षयाला नेहमी तीन-चार औषधे एकत्र देतात त्याचा पाया हा गुणाकार आहे.

हिशेब इतका भक्कम असताना बहुऔषधप्रतिरोधी क्षय, म्हणजे निदान आयसोनायझिड आणि रिफॅम्पिसिन या दोहोंना न जुमानणारा एमडीआर क्षय, होतोच कसा? तो एका उडीत होत नाही, पायरीपायरीने होतो. कागदावर चार औषधे असली तरी प्रत्यक्षात जंतूंपुढे कधीकधी एकच उभे असते. रुग्ण बरे वाटू लागताच काही गोळ्या सोडतो. औषध निकृष्ट असते किंवा मात्रा वजनाला कमी पडते. आतड्यातून औषध नीट शोषले जात नाही. काहींच्या यकृतात आयसोनायझिड फार लवकर निकामी होते, आणि हा माणसाच्या जनुकांचा भाग आहे. फुप्फुसातील पोकळीच्या जाड, रक्तपुरवठा नसलेल्या भिंतीत सगळी औषधे सारख्या प्रमाणात पोचत नाहीत, म्हणून एका कोपऱ्यात फक्त एकाच औषधाचा अंमल चालतो. सर्वांत घातक प्रसंग वेगळाच आहे. जंतू आधीपासून आयसोनायझिडला प्रतिरोधी असतो, ते कुणी तपासलेले नसते, आणि नेहमीचे उपचार सुरू होतात. सुरुवातीचे दोन महिने संपले की हातात मुख्यतः रिफॅम्पिसिनच उरते. मग दहा कोटींतला तो एक जंतू वर यायला वेळ लागत नाही.

औषधयोजनेतील गोंधळाची मुंबईतील नोंद या संदर्भात महत्त्वाची आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईच्या झोपडपट्टी भागातील १०० खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहून दिल्या. जवळपास वीस वर्षांनी, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या धारावीतील पाहणीतही १०६ डॉक्टरांकडून ६३ प्रकारच्या औषधयोजना मिळाल्या. प्रत्येक चुकीची योजना ही जंतूंच्या दृष्टीने निवडीची एक नवी परीक्षा असते, आणि तिच्यात उत्तीर्ण होणारे जंतू रुग्णाच्या घरात, लोकलच्या डब्यात, कारखान्यात पसरतात.

कोणते जनुक बदलले की कोणते औषध निष्प्रभ होते, हे औषधाच्या कामाच्या पद्धतीवर ठरते. येथे एक भेद मुळापासून समजून घेण्यासारखा आहे. काही औषधे जंतूच्या एखाद्या अत्यावश्यक प्रथिनावर थेट जाऊन बसतात. काही औषधे शरीरात जातात तेव्हा निष्क्रिय असतात, जंतूच्याच एखाद्या विकराने त्यांना सक्रिय केल्यावर ती घातक होतात. पहिल्या प्रकारात जंतूला आपले अत्यावश्यक प्रथिन चालू ठेवून फक्त औषधाची जागा बिघडवावी लागते, म्हणून मोजकेच बदल त्याला परवडतात. दुसऱ्या प्रकारात सक्रिय करणारे विकर जंतूच्या जगण्यासाठी आवश्यक नसेल तर ते कसेही मोडले तरी चालते, म्हणून बदल जनुकभर कुठेही सापडतात. निदानाची कोणती चाचणी सोपी आणि कोणती अवघड, याचे उत्तर बरेचसे या भेदात आहे.

रिफॅम्पिसिन हे पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण. डीएनएवरून आरएनएची प्रत काढणारे आरएनए पॉलिमरेज हे विकर प्रत्येक जंतूला लागतेच. त्याच्या बीटा या घटकात रिफॅम्पिसिन बसते आणि तयार होऊ लागलेल्या आरएनएची वाट अडवते, दोन-तीन अक्षरांपुढे साखळी वाढतच नाही. हा बीटा घटक आरपीओबी नावाच्या जनुकातून तयार होतो. हे जनुक साडेतीन हजार अक्षरांचे आहे, पण १९९३ साली असे आढळले की रिफॅम्पिसिन-प्रतिरोधी जंतूंतील बदल त्यातल्या एका लहानशा पट्ट्यात एकवटलेले असतात. अवघ्या ८१ अक्षरांच्या या पट्ट्यात सुमारे ९५ टक्के प्रतिरोधी जंतूंचे बदल सापडतात. सर्वांत जास्त आढळणारा बदल ४५० व्या स्थानावरचा आहे. तेथे एका सायटोसीनच्या जागी थायमीन येते, परिणामी सेरीन या अमिनो आम्लाची जागा ल्यूसीन घेते. पॉलिमरेजचे काम जवळजवळ पूर्ववत चालू राहते, पण औषधाला बसायला पूर्वीसारखी जागा मिळत नाही. ४४५ व्या आणि ४३५ व्या स्थानांवरील बदलही नेहमी दिसतात. जुन्या अहवालांत हीच स्थाने ५३१, ५२६ आणि ५१६ अशी दिलेली असतात, कारण तेव्हा क्रमांक ई. कोलायच्या जनुकावरून मोजले जात.

आयसोनायझिडची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि संशोधकांना तिने चाळीस वर्षे झुलवले. औषध १९५२ साली वापरात आले. ते स्वस्त होते आणि वेगाने वाढणाऱ्या जंतूंना फार लवकर मारत असे. लवकरच गार्डनर मिडलब्रुक यांच्या लक्षात आले की आयसोनायझिडला प्रतिरोधी झालेल्या अनेक जंतूंमधून कॅटॅलेज हे विकर नाहीसे झालेले असते, आणि असे जंतू गिनिपिगमध्ये फारसा रोगही निर्माण करू शकत नाहीत. या निरीक्षणाचा जनुकीय उलगडा १९९२ साली झाला. यिंग झांग, स्ट्युअर्ट कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की कॅटजी या जनुकातून तयार होणारे कॅटॅलेज-पेरॉक्सिडेज हेच आयसोनायझिडला सक्रिय करते. सक्रिय झालेले औषध पेशीतील एनएडी या रेणूशी जोडले जाते, आणि ही जोडी इनएचए नावाच्या दुसऱ्या विकराला जखडून टाकते. इनएचए हे मायकोलिक आम्ले बनवण्याच्या कामातले विकर आहे. क्षयजंतूची मेणचट, जाड भित्ती या आम्लांची असते. ती बनणे थांबले की जंतू मरतो.

म्हणजे आयसोनायझिडपासून सुटण्याच्या निदान दोन वाटा झाल्या. एक, कॅटजी बिघडवणे. दुसरी, इनएचए इतके जास्त तयार करणे की औषध पुरे पडू नये. जंतू दोन्ही वापरतो. पण कॅटजी पूर्ण मोडून चालत नाही. माणसाच्या रोगप्रतिकारक पेशी क्षयजंतूला गिळतात तेव्हा त्याच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या विषारी द्रव्यांचा मारा करतात, आणि त्यापासून वाचायला कॅटॅलेज लागते. मिडलब्रुक यांचे जंतू गिनिपिगमध्ये दुबळे का पडले, ते यातून समजते. म्हणून रुग्णांमध्ये टिकून राहतो तो एक नेमका बदल: ३१५ व्या स्थानावर सेरीनऐवजी थ्रिओनीन. या बदलाने औषध सक्रिय होणे जवळजवळ थांबते, पण कॅटॅलेजचे मूळ काम बऱ्याच अंशी चालू राहते. आयसोनायझिडला प्रतिरोधी असलेल्या जंतूंपैकी सुमारे दोन तृतीयांश जंतूंत हा बदल आढळतो. क्षयजंतूच्या हाती लागलेल्या साऱ्या बदलांत इतका फायद्याचा आणि इतका स्वस्त बदल दुसरा क्वचितच असेल.

दुसऱ्या वाटेवरचा बदल इनएचए जनुकाच्या आधी, त्याच्या नियंत्रक भागात, पंधरा अक्षरे अलीकडे होतो. प्रथिन तेच राहते, ते तयार मात्र जास्त होते. असा प्रतिरोध सौम्य असतो, आणि मात्रा वाढवून दिली तर काही रुग्णांत आयसोनायझिड तरीही उपयोगी पडते. त्याच वेळी इथिओनामाइड हे औषध हातचे जाते, कारण त्याचेही लक्ष्य इनएचए हेच आहे. जनुकातला बदल नेमका कोणता हे कळले तर डॉक्टरला हे दोन्ही निर्णय घेता येतात. ‘आयसोनायझिड-प्रतिरोधी’ एवढाच शेरा असलेल्या अहवालावरून ते घेता येत नाहीत.

पायराझिनामाइड दुसऱ्या प्रकारात मोडते. पीएनसीए जनुकातून तयार होणारे विकर त्याचे पायराझिनोइक आम्लात रूपांतर करते, हे १९९६ साली स्पष्ट झाले. या विकरावाचून जंतूचे फारसे अडत नाही. त्यामुळे ५६१ अक्षरांच्या या जनुकात प्रतिरोधाचे बदल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विखुरलेले आहेत, अनेक जंतूंत तर अक्षरे गळालेली किंवा वाढलेली असतात. ठरावीक जागी पाहणारी चाचणी येथे निरुपयोगी ठरते, संपूर्ण जनुकच वाचावे लागते. गुरांना क्षय करणारा मायकोबॅक्टेरियम बोव्हिस हा जवळचा नातलग जन्मतःच पायराझिनामाइडला दाद देत नाही, कारण त्याच्या पीएनसीएमध्ये ५७ व्या स्थानावर हिस्टिडीनऐवजी अस्पार्टिक आम्ल आहे. बीसीजी लशीतला जंतू बोव्हिसपासूनच तयार झाल्यामुळे त्याच्यातही हा गुण उतरला आहे. इथॅम्ब्युटॉलला होणारा प्रतिरोध बहुधा ईएमबीबी जनुकातील ३०६ व्या स्थानावरून येतो. स्ट्रेप्टोमायसिनचा प्रतिरोध रायबोसोमच्या आरपीएसएल आणि आरआरएस या जनुकांतून येतो, कानामायसिन आणि अमिकासिन या इंजेक्शनांचा मुख्यतः आरआरएसमधील १४०१ व्या अक्षरातून.

फ्लुरोक्विनोलोन गटातील लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही एमडीआर क्षयावरची आधारभूत औषधे. ती डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या जायरेज या विकरावर काम करतात, आणि प्रतिरोध बहुधा जायरए जनुकातील ९० व्या व ९४ व्या स्थानांवरील बदलांतून येतो. याच जनुकात ९५ व्या स्थानी जगभरातील बहुतेक क्षयजंतूंत थ्रिओनीन असते, तर संदर्भासाठी घेतलेल्या एच३७आरव्ही वाणात सेरीन. संदर्भाशी जुळत नाही म्हणून प्रत्येक फरकाला प्रतिरोध म्हणायचे ठरवले, तर बहुतेक जग प्रतिरोधी ठरेल. हा फरक प्रत्यक्षात निरुपद्रवी वंशखूण आहे. भारतात या गटातील औषधे ताप, खोकला, जुलाब, मूत्रमार्गाचा संसर्ग अशा कशाहीसाठी वर्षानुवर्षे सर्रास दिली गेली. निदान न झालेला क्षय असलेल्या माणसाला असे औषध दिले की क्षयावर एकट्या औषधाचा उपचार झाल्यासारखेच होते. २०१४ ते २०१६ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत एमडीआर रुग्णांपैकी पाचव्या हिश्श्याहून अधिक रुग्णांचे जंतू या गटालाही प्रतिरोधी आढळले. त्याच पाहणीत नव्या रुग्णांत एमडीआरचे प्रमाण २.८४ टक्के, तर पूर्वी उपचार घेतलेल्यांत ११.६२ टक्के होते.

नव्या औषधांपैकी बेडाक्विलिनला अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली. ते जंतूच्या ऊर्जानिर्मितीवर, एटीपी सिंथेज या यंत्रणेवर, घाव घालते. प्रयोगशाळेत या यंत्रणेच्या एटीपीई जनुकात बदल होऊन प्रतिरोध येतो, पण रुग्णांत तो क्वचित दिसतो, कारण यंत्रणा अत्यावश्यक आहे. रुग्णांमधला प्रतिरोध बहुतेक वेळा दुसऱ्याच ठिकाणाहून, आरव्ही०६७८ या जनुकातून येतो. या जनुकाचे प्रथिन पेशीतील द्रव्ये बाहेर फेकणाऱ्या एका पंपावर लगाम ठेवते. जनुक बिघडले की लगाम सुटतो, पंप जोमाने चालू लागतो आणि बेडाक्विलिन बाहेर फेकले जाते. हा पंप क्लोफॅझिमिनही बाहेर काढतो, म्हणून कुष्ठरोगावर पिढ्यानपिढ्या वापरलेले हे औषध आणि क्षयावरचे नवेकोरे औषध ही दोन्ही एकाच बदलाने दुबळी पडतात. आरव्ही०६७८ मोडण्याच्या तऱ्हा शेकडो आहेत, आणि त्यांपैकी प्रत्येकीचा परिणाम सारखा नसतो. काही जंतूंत तर हा बदल असूनही प्रतिरोध नसतो, कारण त्यांच्यात पंपाचे जनुकच आधी मोडलेले असते. एका जनुकाचा अर्थ दुसऱ्या जनुकाच्या स्थितीवर अवलंबून असण्याचे हे उघड उदाहरण आहे. लिनेझोलिडचा प्रतिरोध रायबोसोमच्या आरआरएल आणि आरपीएलसी या जनुकांतून, तर डेलामनिड आणि प्रिटोमनिड यांचा प्रतिरोध त्यांना सक्रिय करणाऱ्या डीडीएन आणि एफ४२० या सहविकराशी संबंधित पाच जनुकांतून येऊ शकतो. बेडाक्विलिन, प्रिटोमनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांची सहा महिन्यांची योजना जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पुरस्कारली आणि भारत सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये स्वीकारली. पूर्वी दीड-दोन वर्षे चालणारे उपचार त्यामुळे बरेच आटोपशीर झाले. या योजनेचे भवितव्य वर सांगितलेल्या मोजक्या जनुकांवर अवलंबून आहे. जानेवारी २०२१ पासून अतिव्यापक औषधप्रतिरोधी, म्हणजे एक्सडीआर, क्षयाची व्याख्याही बदलली. एमडीआर किंवा रिफॅम्पिसिन-प्रतिरोधी जंतू फ्लुरोक्विनोलोनला आणि शिवाय बेडाक्विलिन किंवा लिनेझोलिड यांपैकी निदान एकाला दाद देत नसेल, तर त्याला आता एक्सडीआर म्हणतात.

प्रतिरोध फुकट मिळत नाही. बदललेले पॉलिमरेज थोडे मंद चालते, बिघडलेले कॅटॅलेज जंतूला उघडे पाडते. औषध नसेल तेव्हा असा जंतू आपल्या साध्या भावंडांच्या तुलनेत मागे पडायला हवा, आणि प्रतिरोधी क्षय फारसा पसरणार नाही अशी आशा एकेकाळी यावरूनच बाळगली जात होती. ती खोटी ठरली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की रिफॅम्पिसिनच्या प्रतिरोधाची किंमत बदलागणिक वेगळी असते, आणि ४५० व्या स्थानावरच्या बदलाची किंमत सर्वांत कमी. रुग्णांत तोच सर्वाधिक का आढळतो, याचे उत्तर येथे मिळते. शिवाय जंतू झालेली हानी दुसऱ्या बदलाने भरून काढतो. आरपीओबी बदललेल्या अनेक जंतूंत पुढे पॉलिमरेजच्याच आरपीओए किंवा आरपीओसी या दुसऱ्या घटकांत आणखी एक बदल होतो आणि कामाचा वेग पुन्हा सुधारतो. कॅटजी गमावलेल्या काही जंतूंत एएचपीसी हे पेरॉक्साइड निकामी करणारे दुसरे विकर जास्त तयार होऊ लागते. अशी भरपाई झालेला जंतू औषध नसतानाही साध्या जंतूच्या तोडीस तोड पसरू शकतो.

हे सगळे एकत्र कसे येते ते दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांतात दिसले. तेथील तुगेला फेरी या ग्रामीण भागात २००५ ते २००६ या काळात, तेव्हाच्या व्याख्येनुसार, एक्सडीआर क्षयाचे ५३ रुग्ण आढळले. त्यांपैकी ५२ दगावले, आणि बेडका तपासायला घेतल्यापासून मृत्यूपर्यंतचा मध्यम काळ १६ दिवसांचा होता. एचआयव्ही तपासणी झालेले सर्व ४४ रुग्ण बाधित होते. ज्यांची माहिती मिळाली त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांनी त्यापूर्वी क्षयाचे औषध कधीच घेतलेले नव्हते. त्यांच्यात प्रतिरोध तयार झाला नव्हता, तो हवेतून, दुसऱ्याच्या खोकल्यातून आयता आला होता. या वाणाच्या जनुकसंचांची तुलना करून २०१५ साली त्याचा इतिहास मांडला गेला. कॅटजीमधील ३१५ व्या स्थानाचा बदल १९५० च्या दशकाच्या अखेरीस झाला होता, आयसोनायझिड वापरात येऊन जेमतेम काही वर्षे झाली तेव्हा. रिफॅम्पिसिनचा प्रतिरोध १९८० च्या दशकात जोडला गेला, एक्सडीआर अवस्था १९९० च्या दशकाच्या मध्यास आली. साथ लक्षात यायला आणखी दहा वर्षे गेली. इतर देशांतील हजारो जंतूंच्या तुलनेतही हाच क्रम वारंवार दिसतो: आधी कॅटजी, मग आरपीओबी, मग बाकीचे. रिफॅम्पिसिनचा प्रतिरोध शोधणाऱ्या चाचण्या जगभर पोचल्या असल्या, तरी ही पहिली पायरी त्यांच्या नजरेतून निसटते.

मुंबईत हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांचे जंतू तपासलेल्या सर्वच औषधांना प्रतिरोधी असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध केले, तेव्हा देशभर खळबळ उडाली. त्यांनी वापरलेले ‘संपूर्ण औषधप्रतिरोधी’ हे नाव जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले नाही, कारण काही औषधांच्या प्रयोगशाळेतील चाचण्या पुरेशा विश्वासार्ह नव्हत्या. पण रुग्णांचा पूर्वेतिहास बोलका होता. त्यांतल्या बहुतेकांना वेगवेगळ्या डॉक्टरांकडून दुसऱ्या फळीतील औषधे एकेक करून, अनेकदा चुकीच्या मात्रेत मिळाली होती.

जनुकांचे हे ज्ञान आज सरकारी दवाखान्यातील रोजच्या चाचणीत उतरले आहे. पूर्वी प्रतिरोध कळायचा तो जंतू औषध घातलेल्या माध्यमात वाढतो का ते पाहून, आणि त्यात आठवडे, कधी महिने जात. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेली आणि भारतात सीबीनॅट म्हणून ओळखली जाणारी चाचणी बेडक्यातील जंतूंच्या आरपीओबीमधला ८१ अक्षरांचा पट्टा पाहून सुमारे दोन तासांत रिफॅम्पिसिनचा प्रतिरोध सांगते. गोव्यातील मोलबायो या कंपनीने विकसित केलेले ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येते. त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०२० मध्ये मिळाली. लाइन प्रोब चाचणी कॅटजी आणि इनएचएचीही माहिती देते, तर तिची दुसरी आवृत्ती जायरए, आरआरएस वगैरे जनुके पाहते. या चाचण्यांचे सामर्थ्य आणि त्यांची मर्यादा एकच आहे: जिथे पाहायचे ठरवले तेवढेच त्या पाहतात. दक्षिण आफ्रिकेशेजारच्या एस्वातिनी या छोट्या देशात, तेव्हाच्या स्वाझिलँडमध्ये, २००९ च्या पाहणीतील सुमारे ३० टक्के एमडीआर जंतूंत आरपीओबीचा बदल ४९१ व्या स्थानी, म्हणजे त्या पट्ट्याबाहेर, होता. सीबीनॅटला हे जंतू साधेच दिसत होते. रुग्णांना निरुपयोगी रिफॅम्पिसिन मिळत राहिले आणि वाण पसरत राहिला.

याला पर्याय म्हणजे संपूर्ण जनुकसंच वाचणे, किंवा निदान प्रतिरोधाशी संबंधित सर्व जनुके पूर्ण वाचणे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दहा हजारांहून अधिक जंतूंचे जनुकसंच वाचून पहिल्या फळीतील चार औषधांबाबत अंदाज बांधले गेले, आणि ते नेहमीच्या चाचण्यांशी इतके जुळले की त्यांच्यावर उपचार ठरवता यावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ४१ देशांतील ३८ हजारांहून अधिक जंतूंच्या आधारे उत्परिवर्तनांची अधिकृत यादी काढली. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही संख्या ५२ हजारांच्या पुढे गेली. यादीत प्रत्येक बदलापुढे तो प्रतिरोधाशी निगडित आहे, नाही, की पुरावा अपुरा आहे, असे वर्गीकरण दिलेले असते. रिफॅम्पिसिन आणि आयसोनायझिडच्या बाबतीत ही यादी जवळजवळ पूर्ण झाली आहे. बेडाक्विलिनच्या बाबतीत मात्र आरव्ही०६७८ मधील बहुतेक बदल अजून ‘पुरावा अपुरा’ याच वर्गात आहेत, आणि अशा जंतूसाठी डॉक्टरांना आजही माध्यमातील वाढीच्या जुन्या चाचणीकडे वळावे लागते.

एक अडचण जनुक वाचूनही सुटत नाही. एकाच रुग्णाच्या बेडक्यात प्रतिरोधी आणि साधे जंतू एकत्र असू शकतात, आणि प्रतिरोधी जंतूंचे प्रमाण एक-दोन टक्के असेल तर नेहमीच्या वाचनात ते दिसत नाहीत. बेडका फुप्फुसाच्या एका पोकळीतून आलेला असतो, शेजारच्या पोकळीत वेगळीच वस्ती असू शकते. काही जंतूंत तर प्रतिरोध नसतो, पण सहनशीलता असते: औषध त्यांना मारते, फक्त फार उशिरा. जीएलपीके या जनुकात सायटोसीनची सात अक्षरे ओळीने येतात. नक्कल करताना तेथे एखादे अक्षर सहज वाढते किंवा गळते आणि जंतू अशा सहनशील अवस्थेत जातो. पुढे तीच चूक उलटी झाली की तो पूर्ववत होतो. प्रयोगशाळेच्या अहवालात असा जंतू औषधाला दाद देणारा म्हणूनच नोंदला जातो, आणि उपचार पूर्ण करूनही काही रुग्णांत क्षय परत उलटतो त्यामागे अशा जंतूंचाही वाटा असावा, असे संशोधनातून दिसू लागले आहे.